सासूबाईंच्या मुठी

सगळी गल्ली त्यांना लिफ्टकाका म्हणायची. जन्मभर त्यांनी शहरातल्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या, मधेच लटकलेली माणसं सोडवली, आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून घरात एक मोटारसायकल आणली. आणली म्हणजे हातगाडीवर घालून आणली, कारण तिला चाक एकच होतं. युद्धाच्या काळात लष्करासाठी बनवलेली गाडी होती ती. निरोप पोचवणारे शिपाई एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जिच्यावरून धावायचे, तसली. युद्ध संपल्यावर कितीतरी हातांतून फिरली आणि शेवटी एका वीटभट्टीवर तिचं इंजिन पाण्याचा पंप ओढत होतं. काकांनी ती पाहिली आणि त्यांचा जीव तिच्यात अडकला तो अडकलाच.

तिला चालती करणं काकांच्या हातचा मळ होता. इंजिन उघडलं, साफ केलं, पुन्हा बसवलं, आणि एका सकाळी ती अशी काही खोकली की समोरच्या न्हाव्याची कात्री गिऱ्हाइकाच्या कानापाशीच थांबली. पण काकांना ती नुसती चालायला नको होती. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना जशी होती, तशी हवी होती. स्क्रू हवा तर त्याच काळातला, सरळ एका खाचेचा. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. नटाच्या डोक्यावर त्या वेळचा छाप हवा. हॉर्नचं बटण हवं तर तेच, काळं, मधे पितळी टिकली असलेलं.

काकू ताडपत्र्या शिवायच्या. दुकानांपुढची छपरं, ट्रकवरची आच्छादनं, तंबू, जे जे जाड कापडाचं ते ते त्यांच्याकडे यायचं. पुढच्या खोलीत त्यांचं अवजड मशीन, मागच्या खोलीत काकांची मोटारसायकल, आणि मधल्या खोलीत दोघांचा संसार. काकूंनी गाडीचं नाव ठेवलं होतं 'सासूबाई'.

"का म्हणजे?" कुणी विचारलं की त्या सांगायच्या. "हिला सगळं हिच्या काळातलंच लागतं. नवं काही पुढ्यात ठेवलं की नाक मुरडते. माझ्या खऱ्या सासूबाई परवडल्या हो, त्यांनी निदान मिक्सर तरी चालवून घेतला."

 मान खाली घालून काका एखादा नट रॉकेलमध्ये घासत बसायचे, पण मिशीतल्या मिशीत हसताना काकूंना दिसायचे.

भाग शोधायच्या कामात त्यांचा जोडीदार होता काकूंचा धाकटा भाऊ. जुन्या इमारती पाडायचा त्याचा धंदा. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कठडे, नळ असा सगळा पसारा त्याच्या वखारीत पडलेला असायचा, आणि जगात कुठं काय मोडकं पडलंय याची खबर त्याच्याइतकी कुणालाच नसायची. पेट्रोलच्या टाकीचं झाकण दोघांना एका सुताराकडे सापडलं. तो त्यात खिळे-चुका ठेवायचा. हॉर्नचं बटण एका वकिलाच्या दारावर घंटीचं बटण होऊन बसलं होतं. आणि वरून विमानांना दिसू नये म्हणून पुढच्या दिव्यावर लावायचं बारीक फटीचं झाकण निघालं एका बाईंच्या खुराड्यात, कोंबड्यांच्या दाण्यांची ताटली म्हणून. काकांनी त्यांना नवी कोरी ताटली नेऊन दिली. कोंबड्या मात्र रुसल्या, असा निरोप बाईंनी मागाहून पाठवला.

असं करत करत सासूबाई नखशिखान्त सजल्या. राहिलं होतं ते फक्त रबर. हँडलच्या दोन मुठींचं आणि पाय ठेवायच्या दोन दांड्यांचं. कारखान्याच्या छापाचं, आडव्या रेघारेघांचं काळं रबर काकांनी एका जुन्या फोटोत पाहिलं होतं, आणि त्या फोटोनं त्यांची झोप उडवली होती. रबर म्हणजे काही लोखंड नव्हे. ते वाळतं, तडकतं, त्याचा भुगा होतो. पायाच्या दांड्यांचं एक जुनं रबर त्यांना भंगारबाजारात मिळालं, तर ते काही केल्या दांडीवर चढेना. तेल लावून पाहिलं, गरम पाण्यात घालून पाहिलं, शेवटी दांडीवर नेम धरून ठोकलं तेव्हा ते चिरलंच.

"दुसऱ्या कुठल्या गाडीचं असणार," काका म्हणाले.

"किंवा सासूबाईंचे पाय सुजलेत," काकू मशीनवरून म्हणाल्या.

एके दिवशी दुपारी मेहुणा धापा टाकत आला. "भावोजी, चपला घाला. तुमचं रबर सापडलंय."

"कुठं?"

"एका आजीबाईंच्या हातगाडीला. पलीकडच्या इमारतीची गच्ची पाडायची की डागडुजी करायची ते बघायला गेलो होतो. तिथं त्यांनी बाग केलीय. माती वाहायची एकचाकी गाडी आहे, आणि तिच्या दांड्यांना हे... हे तुमच्या फोटोतलं! छापासकट!"

काकांनी चपला घातल्या, त्याही उलटसुलट.

आजींची इमारत जुनी, चार मजल्यांची. खालीच जिन्याला बिलगून जाळीच्या दाराची लिफ्ट उभी होती आणि तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी होती. पाटीवर धूळ होती, म्हणजे ती आजकालची नव्हती. सवयीनं काका थांबले, जाळीतून वर पाहिलं, दोराला हात लावला, हुंगल्यासारखं केलं. मेहुण्यानं त्यांना दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठं ते जिना चढू लागले.

आजी चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. तिथून गच्ची पाच-सहा पायऱ्यांवर, तेवढ्या त्या कठड्याला धरून चढायच्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, बांधा काटकुळा, पण आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघेल. गच्चीवर टोमॅटो होते, घेवडा होता, नि तेलाच्या डब्यांमधून फुलंही होती. आणि मधोमध ती एकचाकी गाडी. काका तिच्यापाशी गेले आणि वाकले. रबर काळंभोर होतं, मऊ होतं, रेघ न् रेघ जिवंत होती. इतकी वर्षं रोज माणसाचा हात लागल्यानं ते टिकलं असणार. काकांना तर डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं.

"गाडी बघायला आलात की नमस्कार करायला?" आजींनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. मोटारसायकल, फोटो, मुठी. बदल्यात नव्या मुठी बसवून देतो, नवी गाडीच आणून देतो, म्हणाले. आजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नवी मला नको. माझ्या हाताला ह्याची सवय आहे. माझ्या मालकांनी बसवलेल्या आहेत त्या." मग काकांचा पडलेला चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "तू करतोस काय रे?"

"लिफ्ट दुरुस्त करायचो."

आजींनी हातातली झारी खाली ठेवली. "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

लिफ्ट गेल्या थंडीपासून बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक गेलं होतं. दार पक्कं लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून चौकटीत एक पितळी लॉक असतं. त्याची जीभ तुटली होती. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की हे लॉक आता बनत नाही, अख्खी लिफ्टच बदला. बाकीचे बिऱ्हाडकरू तरणेताठे, ते जिन्यानं जाऊ येऊ लागले. वाणसामान कुणीतरी आजींना वर आणून द्यायचं, सगळे चांगलेच होते बिचारे. पण आजी मात्र त्या दिवसापासून रस्त्यावर उतरल्या नव्हत्या.

"मला खाली उतरव," त्या म्हणाल्या. "मग रबराचं बघू."

जिना उतरताना मेहुणा म्हणाला, "भावोजी, म्हातारीनं तुम्हाला बरोबर पेचात पकडलं."

"पेच कसला," काका म्हणाले. "लॉक शोधायचं."

तेव्हापासून काका रबर विसरले. लिफ्टच्या दाराची जुनी लॉकं कशी असतात ते त्यांना पाठ होतं. डाव्या हाताचं, लांब जिभेचं, आतल्या स्प्रिंगची पाती दुहेरी. त्यांनी जुने सोबती गाठले. एकानं उजव्या हाताचं लॉक आणलं, दुसऱ्यानं आखूड जिभेचं. तिसरा नुसताच गप्पा मारून गेला. काकू एकदा जेवताना म्हणाल्या, "आता ह्या दुसऱ्या सासूबाई कोण?" पण दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला फोन करून ओरडल्या, "अरे, ते जुनं हॉटेल पाडलंस ना नदीकाठचं, त्याला लिफ्ट होती की नव्हती? आठव जरा, नुसता खातोस काय!"

लिफ्ट होती. तिची जाळीची दारं वखारीच्या मागच्या बाजूला, न्हाणीघरातल्या टबांच्या खाली दबलेली होती. टब हलवायला काका, मेहुणा आणि वखारीतली माणसं असे सगळे लागले. गंजलेल्या जाळ्यांमधून चौथी जाळी उलटी केली, तेव्हा तिच्या कडेला ते लॉक होतं. डाव्या हाताचं, लांब जिभेचं. काकांनी अंगठ्यानं जीभ दाबली आणि ती कट्कन आत जाऊन कट्कन बाहेर आली.

"ऐकलंस?" काका मेहुण्याला म्हणाले. "याला म्हणतात तब्येत."

लॉक बसवलं, तारा बदलल्या, दोरांना तेलपाणी केलं. सरकारी तपासनीस येऊन गेला, त्यानं लिफ्ट वरखाली पळवून पाहिली, दार उघडं ठेवून ती हलत नाही याची खात्री केली आणि सही ठोकली. त्या संध्याकाळी आजी ठेवणीतलं पातळ नेसून, केस विंचरून दारात उभ्या होत्या. लिफ्ट खाली येताना एकेका मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. सगळे हसत होते. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी मात्र पदरानं डोळे पुसले, कारण वाणसामान बहुतेक त्याच वर नेत असत.

रस्त्यावर पाऊल ठेवल्यावर आजी जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग काकांना म्हणाल्या, "चल, तुझी गाडी दाखव."

"आत्ता? आजी, तुम्हाला दुसरं कुठं जायचं असेल ना आधी? बाजारात, कुणाकडे..."

"बाजार कुठं पळून जातो? लेक द्यायची तर आधी स्थळ बघायला नको? माझं रबर कुणाच्या घरी पडणार ते बघू दे मला."

मेहुण्याच्या टेम्पोत पुढं बसून आजी आल्या. काकूंनी मागच्या खोलीतला दिवा लावला आणि गाडीवरचं कापड काढलं. हिरवट खाकी रंगात सासूबाई उभ्या होत्या. आजींनी आधी लांबून पाहिलं. मग जवळ येऊन सीटखालच्या स्प्रिंगवर बोट फिरवलं, टाकीवर तळवा ठेवला, आणि एकदम गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या. पाय ठेवायची दांडी त्यांनी चाचपली. लोखंडी, करवतीसारखे बोथट दाते असलेली.

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. काकूंनी धावत जाऊन पाणी आणलं.

"काय झालं?" काकांनी घाबरून विचारलं.

"अरे वेड्या, हिला रबर? हिला कधी रबर नव्हतंच!"

 आजी स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. मुलगी होत्या त्या, पोरसवदा, तेव्हापासून युद्ध संपेपर्यंत त्याच कारखान्यात कामाला होत्या. शेवटच्या बाकावर, जिथं गाडीला मुठी, पट्टे, पिशव्या असलं किरकोळ सामान चढायचं. आधी रबराच्या मुठी यायच्या. मग युद्ध लांबलं, रबर यायचं बंद झालं. जे होतं ते सगळं टायरांना. तेव्हा कारखान्यानं पायाच्या दांड्याच बदलल्या. आधीच्या गुळगुळीत असायच्या, रबर चढवायला. नव्या दातेरी ओतल्या, बूट घसरू नये म्हणून.

"हे दाते बघ. ह्याच्यावर रबर चढेल तरी कसं?"

"चढलं नाहीच," काकू हळूच म्हणाल्या. "फाटलं."

"आणि मुठी?" काकांनी विचारलं.

"मुठींना कॅनव्हास. आम्ही पोरी शिवायचो. दिवसभर दाभण आणि मेणाचा दोरा. बोटं बघा माझी, अजून वाकडी आहेत. रबराच्या राहिलेल्या मुठी मग मुकादमानं वाटून टाकल्या, त्यातली एक जोडी आमच्या मालकांनी उचलली. तेव्हा मालक नव्हते झाले अजून, नुसतेच माझ्या बाकापाशी येऊन घुटमळायचे."

काका मटकन जमिनीवर बसले. वीटभट्टीवरून गाडी आणली तेव्हा हँडलला काळपट, तेलकट चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. भट्टीवाल्यानं काहीतरी बांधलंय असं समजून त्यांनी त्या सुरीनं कापून चुलीत घातल्या होत्या. हँडलवरची तेवढीच एक गोष्ट अस्सल शिल्लक होती, आणि तीच त्यांनी जाळली होती. त्यांनी ते सांगून टाकलं.

मग मेहुणा म्हणाला, "म्हणजे भावोजी, ताडपत्रीवालीच्या घरात बसून तुम्ही जगभर कापडाचा तुकडा शोधत होतात. काखेत कळसा नि गावाला वळसा!"

काकूंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. त्यांचं पाहून आजी हसल्या, आणि शेवटी काकाही हसले, पोट धरून, जमिनीवर बसल्या बसल्याच. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. उलट छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं. जे सापडत नाही म्हणून इतका जीव टांगणीला लागला होता, ते कधी नव्हतंच मुळी. त्या चिंध्या सोडल्या तर सासूबाईंचं काही म्हणता काही हरवलेलं नव्हतं.

पुढचं काम बायकांनी हातात घेतलं. काकूंनी आपल्या गठ्ठ्यांतून चार-पाच तऱ्हेचे कॅनव्हास काढून आजींसमोर टाकले. आजींनी एकेक चिमटीत धरून चोळला. "हा फार गुळगुळीत. हा भुसभुशीत. हा... हां, हा जवळपास तसाच." तो एका जुन्या तंबूचा होता, काकूंनी तो ठिगळांसाठी ठेवून दिला होता.

"मशीनवर घालू?" काकूंनी विचारलं.

"मशीन कशाला? हातानं. आधी भिजव. ओला असतानाच ताणून शिवायचा, म्हणजे वाळल्यावर आकसतो आणि हँडलला चिकटून बसतो. आणि शिवण खालच्या अंगाला घे. वर घेतलीस तर शिपायाच्या तळव्याला फोड येतात. आम्हाला त्यावरून बोलणी बसायची."

काकू इतकी वर्षं कापड शिवत होत्या, पण हा टाका त्यांनी पाहिला नव्हता. दोरा एकदा पुढून, एकदा मागून, आणि प्रत्येक वेळी स्वतःतूनच ओवून घ्यायचा. पहिला त्यांनी उसवला. दुसरा आजींनी उसवायला लावला. मग दोघींची डोकी हँडलवर जवळजवळ आली आणि काकांना तिथं उभं राहायलाही जागा उरली नाही. त्यांनी मुकाट्यानं सगळ्यांसाठी चहा ठेवला. आतून त्यांना ऐकू येत होतं, "ओढ! आणखी ओढ! हँडल आहे ते, बाळाचा कान नाही!"

मुठी वाळल्या तेव्हा काकांनी त्या पहिल्यांदा हातात धरल्या. खरखरीत, घट्ट, उबदार. हात आपोआप आवळला गेला. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"काय?" काकू म्हणाल्या.

"काही नाही. रबरापेक्षा बऱ्या आहेत."

"सासूबाईंना पसंत आहेत ना?"

"त्यांना विचारतो," म्हणून काकांनी किक मारली, आणि सासूबाईंनी पहिल्या किकेला होकार दिला.

आता आजी हट्टाला पेटल्या. त्यांच्या बाकावरून शेकड्यांनी गाड्या बाहेर गेल्या होत्या, पण बसायला एकीवरही मिळालं नव्हतं. मुलींना मनाई होती. "तेव्हा नाही म्हणणारा मुकादम मेला," त्या म्हणाल्या, "आता तू नाही म्हणणार?" काकांची काय बिशाद! मागची गादी बसवली, काकूंनी आजींना आपलं जाड जाकीट चढवलं आणि कमरेभोवती ताडपत्रीचा पट्टा घालून काकांशी जवळजवळ बांधूनच टाकलं. मेहुणा टेम्पो घेऊन मागून निघाला, काकू त्याच्या शेजारी, दर वळणाला "हळू, हळू" असं काचेतून ओरडत.

आजी वाट सांगत होत्या. डावीकडे, सरळ, पुलाखालून. शेवटी एक लांबलचक विटांची भिंत आली आणि एक मोठं लोखंडी फाटक. कारखाना कधीच गेला होता. आता तिथं फर्निचरचं गोदाम होतं. काकांनी इंजिन बंद करायला हात नेला.

"राहू दे चालू," आजी म्हणाल्या. "ह्या आवाजाशिवाय मला इथलं काही ओळखू यायचं नाही."

त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. वरच्या कोपऱ्यातल्या खिडक्या त्यांनी बोटानं मोजल्यासारख्या केल्या आणि एकीवर बोट थांबवलं. आवाज ऐकून आतून पहारेकरी बाहेर आला. खाकी मोटारसायकल, तिच्यावर पट्ट्यानं बांधलेल्या आजीबाई, मागे टेम्पो. 

"कुणाला भेटायचंय?"

"कुणालाही नाही," आजी म्हणाल्या. "कामावर आलेय."

पहारेकऱ्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. मग त्यालाच हसू फुटलं आणि त्यानं फाटक सताड उघडलं. आतलं मोकळं आवार लांबरुंद होतं. इथंच म्हणे नव्या गाड्या फिरवून बघायचे. काकांनी एक फेरी मारली, अगदी सावकाश, मुठी हलक्या हातानं धरून. दुसऱ्या फेरीला आजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, वरात आहे का ही? पळव की!"

काकांनी मूठ पिळली.